मागच्या सीटवर काय होतं

कुणाच्या घरी गेले की मी लगेच बसत नाही. खुर्ची असो, सोफा असो, खाली हात घालून कापडाची कड चाचपते, खिळे कसे मारलेत ते बोटांनी बघते आणि मगच टेकते. माझ्या सुना हसतात. धाकटी तर पाहुण्यांना आधीच सांगून ठेवते, "आमच्या आई तुमच्या सोफ्याची झडती घेतील, मनावर घेऊ नका." हसू देत. माझं सगळं आयुष्य सीटा शिवण्यात गेलं, आणि या धंद्यात वरच्या कापडावर विश्वास ठेवणारा माणूस हमखास फसतो. पण खरं सांगायचं तर ही खोड मला धंद्याने लावलेली नाही. धंद्यात ती उपयोगी पडली, इतकंच. खोड त्याच्या आधीची, दहावीच्या वर्षातली. आणि पहिली झडती मी माझ्या बापाची घेतली होती.

आमचं दुकान अर्जुनीच्या रस्त्याला होतं. पुढे दुकान, मागे आम्ही, मधे गोणपाटाचा पडदा. बाबा ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या सीटा करत, सायकलरिक्षाचे टप शिवत, सलूनच्या खुर्च्यांना रेक्झिन चढवत. घरात कायम रेक्झिन चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. मायच्या लाखोरीच्या डाळीला आणि अंबाडीच्या भाजीलाही तो वास यायचा, आणि आम्हाला तो कळायचा नाही. मामाकडे गेले की जेवण फिकं लागायचं, तेव्हा कुठे कळायचं की आपल्या घरी काय मुरलेलं असतं. दुपारभर काथ्या पिंजायचं काम मायचं आणि माझं. काथ्याचा भुसा केसांत, भाताच्या ताटात, सगळीकडे. पडद्यापलीकडून बाबांच्या हातोडीचा आवाज यायचा, टक, टक, टक. बारीक खिळे ते तोंडात धरत, जिभेने एकेक पुढे आणत आणि ठोकत. तोंडात खिळे असले की बोलणं बंद. शिवणाच्या मशीनच्या पायाला तांबड्या कातड्याची एक वीतभर पट्टी टांगलेली होती, तिच्यावर ते दर थोड्या वेळाने सुरी घासून घेत. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही ती पट्टी दिसायची. मलाही रोज दिसायची.

बाबा वाद घालत नसत. गिऱ्हाईक म्हणालं, की काथ्या कमी भरला, तर बाबा सीट उलटी करून उसवून दाखवत आणि पुन्हा शिवत. माय चिडायची, "अर्धा दिवस वाया घालवला, दोन शब्द बोलले असते तर काय झालं असतं?" बाबा म्हणायचे, "बोलून काय होते? दाखवाले पायजे." हा त्यांचा स्वभाव मला चांगला ठाऊक होता. ऐन वेळी मी तोच विसरले.

आता माझं दप्तर. वर्गातल्या सगळ्या पोरींच्या खांद्याला कापडी थैल्या, आणि माझ्या एकटीच्या खांद्याला तांबड्या कातड्याचं दप्तर. पाचवीत गेले तेव्हा बाबांनी शिवून दिलं. वर पितळी बक्कल, आत दोन कप्पे. पावसात माझी पुस्तकं कोरडी राहायची आणि बाकीच्यांची भिजायची, याचा मला फार ताठा होता. कातडं कुठून आलं हे मी कधी विचारलं नाही. बापाने दिलेल्या वस्तूचा उगम कोण विचारतं?

नहराच्या, म्हणजे कालव्याच्या, काठाने दोन-अडीच मैल गेलं की आमच्या शाळेचं गाव, आणि त्या गावात भाऊसाहेबांचं घर. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, जाऊन किती वर्षं झाली होती, पण लोक त्यांना मालगुजारच म्हणत. घराणं पोवारांचं. आपले पूर्वज माळव्यातून आले हे भाऊसाहेब नव्या माणसाला पहिल्या चहालाच सांगत. त्यांच्या धानाच्या कोठारात एक विलायती मोटार उभी होती, त्यांच्या आजोबांनी घेतलेली. तिच्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर कोंबड्या. भाऊसाहेबांच्या मनात त्या वर्षी आलं, की नागपूरला जुन्या मोटारींचा मेळा भरतो, त्यात आपली मोटार उतरवायची. पण तिथे म्हणे सगळं अस्सल लागतं, आरशापासून सीटच्या कापडापर्यंत. म्हणून त्यांनी नागपूरहून या विषयातले एक जाणकार साहेब बोलावले, आणि सीटांसाठी बाबांना. रविवार होता. मापं लिहून घ्यायला बाबांनी मला सायकलवर सोबत नेलं, कारण त्यांचं अक्षर त्यांनाच लागत नसे.

मोटारीच्या पुढच्या सीटवर काळं रेक्झिन होतं. मागच्या सीटवर राखाडी लोकरी कापड, उंदरांनी कुरतडलेलं. साहेबांनी दोन्ही सीटांवरून हात फिरवला आणि विचारलं, "ये सीट पहले किसने खोली थी?"

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "पुढची म्या खोलली होती, मोठे मालक होते तवा. मागची कोनीच खोलली नाई."

मोठे मालक म्हणजे भाऊसाहेबांचे वडील. ते वारले होते आणि मोटारीचा जुना ड्रायव्हरही वारला होता, म्हणजे त्या दिवसाचं सांगणारं बाबांशिवाय कुणी उरलं नव्हतं.

"असं कसं?" भाऊसाहेब म्हणाले. "आमच्या घरात लहान पोट्ट्यालेही माहीत आहे, मोटारीत तांबडं कातडं होतं. माझी आत्या सांगे. मागं हे बारदान कोनं लावलं?"

"कातडं पुढं होतं," बाबा म्हणाले. "मागं पहिल्यापासून हेच कापड." मग त्यांनी आपल्या परीने समजावलं. पुढे ड्रायव्हर बसणार. त्याच्या बाजूला काच नाही, त्याच्या अंगावर पाऊस, धूळ, चिखल, म्हणून त्याला कातडं, फडक्याने पुसलं की झालं. मालक मागे, काचेच्या आत. त्यांना मऊ लोकरीचं कापड, थंडीत गार लागत नाही आणि उन्हात चटका देत नाही. विलायतेत मालकाचा मान कापडाला होता. नंतर मीही अशा गाड्या पाहिल्या आणि पुष्कळांत असंच होतं. पण त्या दिवशी कोठारात ते ऐकायला कसं वाटलं असेल, तुम्हीच सांगा. भाऊसाहेब लाल झाले. "म्हणजे आमचा ड्रायव्हर कातड्यावर, अन् माझा आजा चिंधीवर?" धान मोजणारे गडी फिस्सकन हसले, आणि भाऊसाहेब आणखी चिडले. वडाची साल पिंपळाला लावायची सवय घराण्यालाच होती की काय कोण जाणे. पुढच्या सीटचं कातडं आत्याच्या गोष्टीत कधीतरी मागे सरकलं होतं आणि तिथेच पक्कं झालं होतं.

"ते जाऊ दे," भाऊसाहेब म्हणाले. "कातडं होतं, हे तर तूही म्हनून राहिला. मग गेलं कुठी ते?"

बाबांनी पुढच्या सीटखाली हात घालून लाकडाची कड चाचपली. मग म्हणाले, "मंगळवारी येतो. तवा सांगतो."

आमच्या बापाने उत्तर पुढे ढकललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. तोंडात खिळेही नव्हते. मग ते बोलले का नाहीत? साहेब आपल्या वहीत काहीतरी लिहीत होते, आणि मला खात्री वाटली की ते बाबांचंच नाव लिहीत आहेत.

घरी येऊन मी दप्तर घेतलं आणि उलटं केलं. झाकणाच्या आतल्या बाजूला, कातडं दुमडून शिवलं होतं तिथे, काठाने बारीक भोकांची रांग होती. एकेका भोकाभोवती गंजाचं कडं. सीटवाल्याच्या पोरीला ते काय आहे हे सांगावं लागत नाही. हे कातडं कधीकाळी लाकडाला ठोकलेलं होतं. पाच वर्षं मी ते खांद्यावर मिरवत होते. मायला विचारलं, "माय, हे कातडं बाबांनी कुठून आनलं?" ती लाखोरी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मले काय माहीत? तुझ्या बापाले विचार." ती मान वर का करत नाही, हेच मला खटकलं. तेवढ्यात बाबा आत आले. त्यांनी दप्तर माझ्या हातातून घेतलं, झाकण उघडून कड अंगठ्याने चाचपली आणि परत देताना म्हणाले, "हे जपून ठेव, बाई. कोनाले देऊ नको."

झालं. एकदा डोक्यात भूत शिरलं की त्याला सगळीकडे पुरावेच दिसतात. रात्री बाबा एक भाकर कमी जेवले, तो पुरावा. सोमवारी त्यांनी हत्यारांची पेटी उघडून कुलूप लावलं, तो पुरावा. माय त्यांना हळू आवाजात काही सांगत होती आणि मी आल्यावर थांबली, तो तर मोठाच पुरावा. (ती मला आलेल्या एका स्थळाविषयी बोलत होती, हे मला दोन वर्षांनी कळलं.) भाऊसाहेबांनी एकदा चोर म्हटलं, की आसपासच्या दहा गावांतला एक ट्रॅक्टर आमच्या दारात थांबणार नाही, एवढं मला समजत होतं. बापाने चोरी केली असेल तर केली, पण ती पकडली जाऊ नये, असं मी देवाला सांगून ठेवलं. चोरी केली नसेल, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही. आज हे लिहितानाही लाज वाटते.

मंगळवारी सकाळी मी निघाले तेव्हा बाबा म्हणाले, "शाळा सुटली की घरी येऊ नको. थेट भाऊसाहेबांच्या कोठारावर ये. मी तिथंच राहीन." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझ्या खांद्याला दप्तर होतं, आणि हा माणूस मला त्या दप्तरासकट मालगुजाराच्या दारात बोलावून राहिला होता. विसरले की काय, असं मला वाटलं. घाबरलेला माणूस विसरतोच. आता जे करायचं ते मलाच करायला हवं होतं.

उन्हाळी धानासाठी इटियाडोह धरणाचं पाणी सोडलेलं होतं आणि नहर काठोकाठ भरून वाहत होता. शाळेच्या अलीकडे एक पूल आहे. तिथे मैत्रिणींना पुढे जाऊ दिलं, पुस्तकं काढून डब्याच्या थैलीत कोंबली, दप्तरात दोन दगड घातले, बक्कल लावलं आणि सोडून दिलं. ते लगेच बुडालं. मला एकदम हलकं वाटलं. बापाला आपण वाचवलं, या आनंदात मी त्या दिवशी गणिताच्या तासाला हात वर करून उत्तर दिलं होतं.

संध्याकाळी कोठारावर गेले तेव्हा भाऊसाहेब खाटेवर बसले होते, साहेब मोटारीशी उभे होते. बाबांनी पुढची सीट बाहेर काढून, रेक्झिन सोडवून, नुसता लाकडी सांगाडा मांडून ठेवला होता. मला पाहताच त्यांचा चेहरा खुलला. तो चेहरा मी विसरलेले नाही. "आली बाई?" म्हणाले, आणि हात पुढे केला. "दे, दप्तर दे."

मी थैली छातीशी धरून उभी.

"भाऊसाहेब," बाबा म्हणाले, "कातडं कुठी गेलं म्हनून विचारत होते ना? म्या पुढची सीट नवीन केली तवा जुनं कातडं मोठ्या मालकांनी मले देऊन टाकलं होतं. मंधातलं फाटलं होतं, काठाचं चांगलं होतं. त्याचं म्या पोरीचं दप्तर शिवलं. त्याच्या काठाले खिळ्यांची भोकं आहेत, अन् ह्या लाकडालेही आहेत. लावून पाहा. पुढच्या लाकडाले जुळले तर कातडं पुढचं. मागच्याले जुळले, तर मी चोर." मग माझ्याकडे वळून, "दे ना बाई. दप्तर कुठी आहे?"

"हरवलं," मी म्हणाले.

भाऊसाहेब जोरात हसले. "वा रे वा! कातडंही हरवलं, अन् दप्तरही हरवलं!" बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते माझ्याकडे पाहत होते. हातातली थैली, तिच्यातून डोकावणारी पुस्तकं, माझा चेहरा. सीट उसवताना ते जसे एकेक थर बघत तसे बघत होते. मग खाली वाकून हत्यारं गोळा करू लागले. "मागच्या सीटच्या कापडाची कड उचलून लाकूड एकदा पाहून घ्या," एवढंच म्हणाले. "सीट दोनदा मढवली की भोकांच्या दोन रांगा पडते. तिथं एकच आहे." भाऊसाहेब म्हणाले, "त्याच भोकांत पुन्हा ठोकले असन तू." साहेबांनी खांदे उडवले. "हो सकता है," म्हणाले. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात म्हणतात, इथे तर चोरच नव्हता.

परत येताना बाबांनी सायकल हातात धरली होती. पुलाशी आलो आणि माझ्याने राहवलं नाही. "बाबा, दप्तर म्या इथं टाकलं."

ते थांबले. पाण्याकडे पाहिलं. "खाली उतरली तर नव्हती ना? खोल आहे इथं."

"नाई. वरूनच."

"काऊन टाकलं?"

"मले वाटलं..." मी म्हणाले, आणि पुढचं तोंडातून निघेना. निघायची गरजही नव्हती. बाबांना सगळं कळलं, आणि ते कळताना मी पाहिलं. बराच वेळ ते सायकलच्या हँडलवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "चाल. माय वाट पाहून राहिली असन."

मायने कोचईच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या केल्या होत्या, बाबांच्या आवडीच्या. त्यांनी सगळ्या खाल्ल्या, चांगल्या झाल्या असंही म्हणाले. जेवण झाल्यावर दुकानात जाऊन सुरी काढली, मशीनच्या पायाची पट्टी ओढून तिच्यावर घासायला लागले, आणि मधेच थांबले. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. ती पट्टी त्याच कातड्याची होती. दप्तर शिवून उरलेली, काठाची. तिलाही सात भोकं होती. ज्याने चोरी केली तो माणूस चोरीचं कातडं रस्त्यावरच्या दुकानात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं टांगून ठेवील का? इतकी साधी गोष्ट मला दोन दिवसांत सुचली नव्हती.

"बाबा!" मी ओरडलेच. "हे दाखवा ना त्यांना! उद्या जाऊ. हे जुळते."

बाबांनी पट्टी मशीनच्या पायावरून सोडवली, गुंडाळली आणि हत्यारांच्या पेटीत अगदी तळाला ठेवली. "कायले?" म्हणाले.

"ते तुमच्यावर आळ घेऊन राहिले."

"ते परके आहेत, बाई," बाबा म्हणाले. "त्यांनी घेतला तर घेतला." आणि पेटीला कुलूप लावलं.

त्या उन्हाळ्यात आमच्या दारात ट्रॅक्टर फारसे आले नाहीत. बाबा सकाळच्या गाडीने गोंदियाला जाऊन दुसऱ्याच्या दुकानात काम करून येऊ लागले. मला त्यांनी रेक्झिनचं नवं दप्तर शिवून दिलं, मला रागावले नाहीत, आणि त्या दिवसाचा विषय त्यांनी पुन्हा मरेपर्यंत काढला नाही. सुरी मात्र दगडावर घासायला लागले. मी दहावीनंतर त्यांच्या हाताखाली बसले, ते काही धंद्याच्या आवडीने नव्हे. त्यांच्या जवळ बसायचं होतं. भाऊसाहेबांनी मोटारीच्या मागच्या सीटला लालभडक कातडं चढवून घेतलं आणि मोटार मेळ्याला नेली. तिथे तिचं फार कौतुक झालं, असं गावात सांगत होते.

मागच्या वर्षी भाऊसाहेबांचा नातू मोटार घेऊन माझ्याकडेच आला. चांगला पोरगा आहे, परदेशातल्या लोकांशी फोनवर बोलून सगळं शिकलेला. म्हणाला, "काकू, मले लाल कातड्याची शंका येऊन राहिली. पहिले मागं काय होतं, ते तुम्हीच सांगू शकता." मी आधी पुढची सीट उघडली, मग मागचं लाल कातडं सोडवलं. मागच्या लाकडावर भोकांच्या दोन रांगा होत्या. एक लाल कातड्याची. दुसरी तिच्या आधीची, आणि त्या जुन्या रांगेत दोन खिळे अजून रुतलेले, त्यांच्या डोक्याखाली राखाडी लोकरीचे चिमूटभर धागे. आणखी जुनी तिसरी रांग नव्हती. म्हणजे लाल कातड्याच्या आधी मागे फक्त कापडच लागलं होतं, आणि ते पहिलंच होतं. पोरगा खूश झाला, फोटो काढायला लागला. "म्हणजे तुमचे बाबा खरं सांगत होते, काकू," म्हणाला. त्याच्या घरात ती गोष्ट अजून चालते, हे मला तेव्हा कळलं. मी हो म्हणाले. सांगायचं तेवढं सांगून झालं होतं आणि त्याला आणखी काही नको होतं.

तो चहा घ्यायला आत गेला. मी बाबांची पेटी उघडली, तळातून पट्टी काढली, ती आता सुकून कडक झाली आहे, आणि मोटारीच्या पुढच्या सीटच्या लाकडावर ठेवून काठाने सरकवत नेली. उजव्या कोपऱ्याशी येऊन ती बसली. सातही भोकं भोकांवर. बाबांनी पट्टी पेटीत ठेवली तो दिवस मला आठवला, आणि ते "कायले?" आठवलं. मला कुणाला दाखवायचं नव्हतं. तिथे कुणी नव्हतंही. तरी मी ती लावून पाहिली.